भास्कराचार्य (दुसरे)

भास्कराचार्य (जन्म: शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील भारतीय गणितज्ञ व ज्योतिर्विद होते. सातव्या शतकातील त्याच नावाच्या गणितज्ञापासून वेगळे ओळखता यावेत म्हणून त्यांना दुसरे भास्कराचार्य म्हणतात. एकघाती व वर्गसमीकरणांच्या साहाय्याने व्यवहारातील उदाहरणे सोडवण्याच्या पद्धतींची त्यांनी केलेली सुबोध मांडणी विशेष प्रसिद्ध आहे.

जीवन

भास्कराचार्यांचा जन्म शांडिल्य गोत्रातील विद्वान कुटुंबात झाला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी नमूद केले आहे. मात्र या गावाच्या स्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. 'करणकुतूहल' हा ग्रंथ त्यांनी इ.स. ११८३ मध्ये लिहिला.

समीकरणे व शाब्दिक उदाहरणे

अज्ञात राशीला भास्कराचार्य 'यावत्तावत्' म्हणतात. उदाहरणातील अटींवरून दोन समान पक्ष मांडावेत आणि त्यांवरून अज्ञाताचे मूल्य काढावे, अशी त्यांची रीत आहे. एका उदाहरणात एकाजवळ ३०० रुपये व ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे असून त्याला १०० रुपये कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी आहे. घोड्याची किंमत क्ष मानल्यास ६क्ष + ३०० = १०क्ष − १०० हे एकघाती समीकरण मिळते आणि क्ष = १०० येतो.

वर्गसमीकरणाच्या रीतीला त्यांनी 'मध्यमाहरण' म्हटले असून तिचे श्रेय श्रीधराचार्यांना दिले आहे. धन संख्येला धन व ऋण अशी दोन वर्गमुळे असतात, हे त्यांनी स्पष्ट केले. त्यामुळे एकाच प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात. माकडांच्या कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळत आहे व उरलेली १२ माकडे टेकडीवर आहेत, या उदाहरणात कळपाची संख्या ४८ किंवा १६ येते. ही दोन्ही उत्तरे त्यांनी ग्राह्य मानली.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून आलेल्या संख्येच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली व एक फांदीवर उरले. येथे ५० व ५ या दोन्ही संख्या समीकरणात बसतात. परंतु ५ घेतल्यास पंचमांश १ होतो व त्यातून ३ वजा केल्यावर ऋण संख्या उरते. माकडांची संख्या ऋण असणे व्यवहारात मान्य होत नाही, म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर वगळले. समीकरण सुटले तरी उत्तर मूळ प्रसंगाशी ताडून पाहावे, ही शिस्त या उदाहरणातून दिसते.

वारसा

त्यांचे पुत्र लक्ष्मीधर हे यादव राजा जैत्रपालाच्या, तर नातू चांगदेव हे सिंघणाच्या दरबारी होते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चांगदेवांनी पाटण (चाळीसगावजवळ, जळगाव जिल्हा) येथे मठ स्थापन केला. इ.स. १२०७ च्या सुमाराचा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लीलावतीचे फैजीने इ.स. १५८७ मध्ये फारसीत, तर कोलब्रुक यांनी इ.स. १८१७ मध्ये इंग्रजीत भाषांतर केले. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या असल्याची प्रसिद्ध आख्यायिका फैजीच्या भाषांतरात आढळते.