आठ आण्यांचा संसार

घरातले मूल चित्रांत, गाण्यात किंवा नाटकात रमू लागले, की किन्हीराजासारख्या गावी आईवडिलांना पहिली काळजी लागते ती त्याच्या पोटापाण्याची. ती अनाठायी म्हणता येणार नाही. म्हणूनच या स्मरणिकेत पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई या दांपत्याचे स्मरण करावेसे वाटले. त्यांनी कलेवर संसार केला आणि संसाराला पुरून उरलेले समाजाच्या ओंजळीत घातले.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. बालपण जोगेश्वरी-पार्ल्यात गेले. तरुणपणी त्यांनी शिकवण्या केल्या, पेटी वाजवली, कारकुनी केली, शाळेत शिकवले. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरी येथे त्यांचा सुनीता ठाकूर यांच्याशी नोंदणी विवाह झाला. बेचाळीसच्या लढ्यात उतरलेल्या या मुलीने लग्नात ना विधी होऊ दिले, ना देवघेव. खर्च काय तो नोंदणीच्या अर्जाचा, आठ आणे! लग्नापायी शेत गहाण टाकणाऱ्या आपल्याकडील घरांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

पुढचे पु. ल. महाराष्ट्राला ठाऊकच आहेत. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटाचे लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका त्यांचीच होती. नंतर आकाशवाणी, दूरदर्शन आणि ‘बटाट्याची चाळ’चे एकपात्री प्रयोग.

नाट्यगृहे भरू लागली, पैसा येऊ लागला. त्या पैशाची राखण सुनीताबाईंनी केली. त्या स्वतः उत्तम अभिनेत्री, कवितेच्या जाणत्या वाचक आणि पुढे ‘आहे मनोहर तरी’च्या लेखिका. परंतु प्रयोगांची व्यवस्था, करारमदार, लेखनाचे हक्क, पैचा हिशेब हे सारे त्यांनी अंगावर घेतले. परवानगीवाचून प्रयोग करणाऱ्यांची त्या गय करीत नसत. ही करडी शिस्त अनेकांना बोचली आणि लोकांनी त्यांना कठोर ठरवले. मला मात्र वाटते, तो करडेपणा नसता तर पुलंचे औदार्य फार काळ टिकते ना!

पु. ल. देशपांडे फाउंडेशनमार्फत हे धन सामाजिक आणि सांस्कृतिक कार्याला मिळाले. डॉ. अनिल अवचट यांचे व्यसनांविषयीचे लेखन वाचून हे दांपत्य अस्वस्थ झाले. त्यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या आधाराने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. आपल्या विदर्भातील आनंदवनाशी त्यांचा जिव्हाळा होता. पुण्याच्या आयुका संस्थेत मुलांनी हातांनी प्रयोग करून विज्ञान शिकावे म्हणून ‘पुलस्त्य’ ही वास्तू त्यांच्या देणगीतून झाली.

पैशाखेरीजही देणे असते. १९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ आले, तेव्हा पुलंनी त्याचे मनापासून स्वागत करणारा लेख लिहिला. हसवणारा लेखक म्हणून ज्यांनी त्यांना घरात घेतले होते, त्या मध्यमवर्गीय वाचकांपर्यंत महारवाड्यातले ते जगणे पोहोचायला त्यामुळे हातभार लागला. आपल्या समाजाने हे ऋण विसरू नये.

१२ जून २००० रोजी, लग्नाच्या चोपन्नाव्या वाढदिवशी, पुण्यात पुलंचे निधन झाले. सुनीताबाई पुढे नऊ वर्षे त्यांचे लेखन, हक्क आणि हिशेब सांभाळत राहिल्या. ७ नोव्हेंबर २००९ रोजी त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी पुलंची जयंती होती.