डॉ. कमल रणदिवे

पुण्यनगरीनें विद्येच्या क्षेत्रांत जीं रत्नें देशास दिलीं, त्यांपैकीं डॉ. कमल रणदिवे ह्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें, असें आम्हांस वाटतें.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजीं पुण्यांत झाला. वडील प्रो. समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजांत जीवशास्त्र शिकवीत. हुजूरपागेंतून कमलताई त्याच कॉलेजांत गेल्या. कन्येनें डॉक्टर व्हावें ही पित्याची इच्छा होती. परंतु तिचें मन जीवशास्त्रांतच रमलें होतें. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि डॉ. खानोलकर ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं १९४९ सालीं पीएच्. डी. झाल्या.

त्या काळीं कर्करोग म्हणजे दैवाचा कोप समजून घरोघरीं तो लपविला जाई. वस्तुतः शरीरांतील पेशी ठरलेल्या मर्यादेंत वाढतात. ती मर्यादा सुटली कीं हा रोग होतो. तेव्हां रोग कसा वाढतो हें जाणावयाचें तर जिवंत पेशींचा अभ्यास फार उपयोगी पडतो. ही विद्या कमलताई अमेरिकेंत बाल्टिमोर येथें डॉ. जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेंत शिकल्या. तेथेंच १९५१ सालीं मानवी कर्कपेशी शरीराबाहेर अखंड वाढत्या ठेवण्यांत प्रथम यश आलें होतें. कांचेच्या पात्रांत पोषक द्रव, शरीराइतकी ऊब आणि कडक स्वच्छता. एक जंतु शिरला कीं अनेक दिवसांचे श्रम वायां जातात!

स्वदेशीं परतून त्यांनीं मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. स्तनांच्या कर्करोगाशीं आनुवंशिकतेचा व अंतःस्रावांचा संबंध त्यांनीं उंदरांवर प्रयोग करून अभ्यासिला. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. १९७३ सालीं त्यांनीं सहकारी भगिनींसह भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संस्था स्थापिली. १९८२ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें. उतारवयांत अकोले तालुक्यांतील आदिवासी बालकांच्या आरोग्यासाठीं त्या झटल्या. २००१ सालीं त्या निवर्तल्या.

आज शास्त्रज्ञ डी. एन. ए. चे धागे कागदाच्या घडीसारखे दुमडून अतिसूक्ष्म पेट्या बनवीत आहेत. रोगट पेशी ओळखून तिच्यापाशींच औषध उघडावें, हा त्यांचा हेतु. परंतु अशा पेटीची पहिली परीक्षा होते ती कांचपात्रांत जतन केलेल्या पेशींवरच. कमलताईंनीं ज्या विद्येसाठीं आयुष्य वेंचलें, तिचें मोल ह्यांतून कळतें.

विद्यार्थिमित्रांनो, ईश्वरानें दिलेलें बुद्धीचें देणें जमिनींत पुरून न ठेवतां दुःखितांच्या कामीं लावणें, हीच खरी सेवा होय. आणि आमच्या पालकांसही आमची विनंति आहे, कीं कन्येचा ओढा जिकडे असेल, तिकडे तिला जाऊं द्यावें.