एमआरआय नसताना एमएस ओळखणारे डॉक्टर शार्को

गेल्या वर्षी आमच्या टीममधल्या एका मैत्रिणीला एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं. आम्ही सगळे म्हणालो, स्क्रीन टाइम कमी कर. काही आठवड्यांत डोळा बरा झाला आणि विषय तिथेच संपला. पुढे काही महिन्यांनी तिचे पाय बधिर झाले. एमआरआय केल्यावर निदान झालं: मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. त्याबद्दल वाचताना मला डॉ. शार्को सापडले.

झाँ-मार्तँ शार्को यांचा जन्म १८२५ सालचा, पॅरिसचा. वडील घोडागाड्या बनवायचे. १८६२ मध्ये ते तिथल्या साल्पेत्रिएर रुग्णालयात प्रमुख डॉक्टर झाले. कधीकाळी तिथे बंदुकीच्या दारूचा कारखाना होता, आता हजारो गरीब, आजारी बायका वर्षानुवर्षं राहत होत्या. शार्को यांच्यासाठी तो आपल्या भाषेत प्रचंड मोठा डेटासेट होता.

त्यांची पद्धत एकदम डीबगिंगसारखी. पेशंटची लक्षणं बारकाईने टिपायची आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन करून ती मेंदूशी जुळवून बघायची. हात नुसता मांडीवर असताना थरथरतो, की काही उचलायला गेल्यावर? पहिला प्रकार पार्किन्सनचा, दुसरा एमएसचा. ही थरथर विद्यार्थ्यांना लांबून दिसावी म्हणून ते पेशंटच्या डोक्यावर लांब पिसं लावायचे!

मेंदूतले आणि मज्जारज्जूतले कडक डाग इतरांनीही आधी पाहिले होते. पण १८६८ मध्ये शार्को यांनी ते डाग आणि लक्षणं एकत्र जोडून हा वेगळा आजार आहे हे नीट मांडलं.

नेमकं होतं काय? चार्जिंग केबलवरचं आवरण निघालं की चार्जिंग अधूनमधून तुटतं ना, तसंच. नसांवर मायलिनचं आवरण असतं. एमएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती त्यावर हल्ला करते आणि सिग्नल अडखळतात.

उपचारांत मात्र शार्को हरले. स्ट्रिक्निन झालं, विजेचे झटके झाले, कशाचाच उपयोग झाला नाही. १८९३ मध्ये ते गेले. एमएसचे डाग जिवंत माणसात एमआरआयवर दिसायला १९८१ साल उजाडलं. आणि अमेरिकेत एमएसवरच्या पहिल्या इंटरफेरॉन औषधाला मंजुरी मिळाली १९९३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर बरोबर १०० वर्षांनी. आजही एमएस मुळापासून जात नाही, पण औषधांनी झटके कमी होतात.

बग फिक्स करता आला नाही, तरी तो नीट नोंदवून ठेवणं किती मोलाचं असतं, हे मला शार्को यांच्याकडून कळलं. माझी मैत्रीण आता औषधं घेतेय आणि कोडही लिहितेय. तुमच्यापैकी कुणाला अचानक एका डोळ्याने धूसर दिसलं किंवा हातपाय बधिर झाले, तर आपोआप बरं झालं म्हणून सोडून देऊ नका. तारीख मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.