सोवळ्यापलीकडचा शब्द : लक्ष्मीबाई टिळक

मराठीतील आत्मचरित्रांचा विषय निघाला की 'स्मृतिचित्रे' हे नाव पहिल्या प्रथम ओठांवर येते. आपण त्यातले उतारे वर्गात वाचतो, त्यातील विनोदाला मनमुराद हसतो. पण हे पुस्तक लिहिणाऱ्या बाईंनी शाळेची पायरी कधी चढलेली नव्हती, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. मग ही जिवंत, अस्सल मराठी त्यांना गवसली तरी कोठे?

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावानंतर फाशी झाली होती. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर असा काही परिणाम झाला की, त्यांनी सोवळ्याचा विलक्षण ध्यास घेतला. घरात येणारी प्रत्येक वस्तू, अगदी मीठसुद्धा, धुऊन घ्यावे लागे! अशा घरात वाढलेल्या मुलीच्या हाडीमाशी सोवळे खिळले, यात नवल ते काय?

१८८० साली नारायण वामन टिळकांशी त्यांचे लग्न झाले. टिळक प्रतिभावान कवी, मनाने उदार, पण विलक्षण तापट आणि एका ठिकाणी स्थिर न राहणारे. बायकोला अक्षरओळख करून दिली तीही त्यांनीच. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि लक्ष्मीबाईंच्या संसारावर जणू आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पतीवर माया अपार, पण त्याच्या धर्मात जाणे मनाला पटेना. पतीच्या मागोमाग निमूटपणे जाणे हाच जिथे स्त्रीचा धर्म मानला जाई, तिथे या बाईने तसे केले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

काही वर्षांनी त्या टिळकांकडे नगर भागात राहायला आल्या, त्याही आपले सोवळे बरोबर घेऊनच. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी सक्ती केली नाही. मात्र लक्ष्मीबाईंच्या मनात एक प्रश्न घर करून बसला : हे जातिभेद देवाने केले की माणसाने? त्यांनी हा प्रश्न कोणा शास्त्र्याला विचारला नाही की पाद्र्याला विचारला नाही. स्वतःच्या मनाशीच त्याचा खल केला, आणि जाती माणसाच्याच आहेत असा कौल मनाने दिल्यावर कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. जन्मभराचे सोवळे गळून पडले, ते असे आतून. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो पतीची सावली म्हणून नव्हे, स्वतःच्या विचाराने. त्यासाठी जातगोत दुरावण्याची किंमत त्यांनी मोजली.

त्यांच्या लेखणीचे मूळ मला या आत्मशोधात दिसते. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य साडेदहा अध्यायांवर थांबले होते. लक्ष्मीबाईंनी पुढे चौसष्ट अध्याय रचले. पण त्यांचा खरा आवाज उमटला तो गद्यात. मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी जमवू लागला, तेव्हा आईने त्या लिहून द्याव्यात असा त्याने आग्रह धरला. त्यातून 'स्मृतिचित्रे' आकाराला आली. पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले, त्यामुळे अखेरचा भाग छापलेला पाहणे काही त्यांच्या नशिबी नव्हते.

थोर पतीचे चरित्र लिहायचे म्हटले की त्याच्याभोवती तेजोवलय रंगवण्याचा मोह कोणाला होणार नाही? लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात टिळकांचे थोरपण आहे, तसा त्यांचा संताप आहे, उधळेपणा आहे, विसराळूपणाही आहे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतःचा भाबडेपणा, हट्ट, अज्ञान यांवर त्या आधी स्वतः हसतात, मग आपल्याला हसवतात. कोठे आक्रोश नाही, कोठे उपदेश नाही. घरात, ओसरीवर, विहिरीच्या काठावर बायका बोलतात तीच त्यांची भाषा. पतीच्या कवितेचा थाट त्यांनी तिथे उसना घेतला नाही. ज्या बाईने मनाचे सोवळे स्वतः तपासून सोडले, तिला शब्दांचे सोवळे पाळण्याची गरजच उरली नव्हती!

आपण विद्यार्थी लिहू लागतो तेव्हा आवडत्या लेखकाची शब्दकळा नकळत आपल्या वहीत उतरते. त्यात लाजण्याजोगे काही नाही. सुरुवात अशीच होते. परंतु स्वतःचा शब्द हवा असेल, तर आपण जे मानतो ते का मानतो, हे एकदा तरी स्वतःला विचारावे लागते आणि येईल ते उत्तर स्वीकारावे लागते. लक्ष्मीबाईंनी ते उत्तर आधी जगून दाखवले आणि पुष्कळ वर्षांनी कागदावर उतरवले. म्हणूनच त्यांच्या साध्या वाक्यालाही एवढे वजन आहे.