लाटांच्या किनाऱ्यावरचा जीवरक्षक

शिरूर आणि दौंड तालुक्यांत घोड व भीमेच्या काठी वाढलेली अनेक मुले विहिरीत किंवा नदीच्या डोहात पोहायला शिकतात. त्याच भरवशावर सुट्टीत कोकणच्या समुद्रात उतरणारेही कमी नाहीत. मात्र विहिरीचे पाणी ओढून नेत नाही, समुद्राचे नेते. ही ओढ नेमकी ओळखून शेकडो जीव वाचविणाऱ्या एडी ऐकाऊ यांचे चरित्र म्हणूनच येथील वाचकांनाही जवळचे वाटावे.

अमेरिकेतील हवाई बेटांपैकी माउई बेटावर ४ मे १९४६ रोजी त्यांचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब ओआहू बेटावर स्थायिक झाले. १६व्या वर्षी शाळा सोडून ऐकाऊ अननसाच्या कारखान्यात लागले आणि पगारातून त्यांनी सर्फबोर्ड घेतला. ओआहूचा उत्तर किनारा हिवाळ्यातील प्रचंड लाटांसाठी जगप्रसिद्ध आहे. तेथील ‘पाइपलाइन’ या ठिकाणी उथळ प्रवाळखडकावर लाट एकाएकी उभी राहते आणि पुढे वळून पोकळ नळीसारखी होते. जवळच्याच वायमिया उपसागरातील महाकाय लाटांवर स्वार होऊन ऐकाऊ यांनी १९६७ मध्ये नाव कमावले.

१९६८ मध्ये या किनाऱ्यावर त्यांची जीवरक्षक म्हणून नेमणूक झाली. इतर जण पाण्यात पाऊल टाकण्यासही धजत नसत, अशा दिवशी ते बुडणाऱ्यांसाठी झेपावत. त्यांनी ५००हून अधिक जणांचे प्राण वाचविल्याचे सांगितले जाते. १९७७ मध्ये ड्यूक कहानामोकू यांच्या नावाची मानाची स्पर्धाही त्यांनी जिंकली.

१६ मार्च १९७८ रोजी ‘होकुलेआ’ ही पारंपरिक बांधणीची नौका होनोलुलूहून ताहितीकडे निघाली. त्या रात्री वादळी समुद्रात ती उलटली. दुसऱ्या दिवशी मदत आणण्यासाठी ऐकाऊ सर्फबोर्डवरून सुमारे २० किलोमीटरवरील लनाय बेटाच्या दिशेने एकटेच निघाले. नौकेवरील उर्वरित १५ जणांची नंतर सुटका झाली. ३१ वर्षांचे ऐकाऊ मात्र पुन्हा कोणालाच दिसले नाहीत.

वायमियात त्यांच्या स्मरणार्थ स्पर्धा घेतली जाते. लाटा सुमारे १२ मीटर उंच उसळल्या तरच ती होते. त्यामुळे कित्येक वर्षे ती कोरडीच जातात. २०२३ मध्ये ती जिंकली ल्यूक शेपर्डसन यांनी. त्या दिवशी ते त्याच किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून कामावर होते. ऐकाऊ यांना याहून समर्पक आदरांजली कोणती असणार?