खजाना विहिरीचा कर्ता सलाबतखान

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, निजामशाहीची सत्ता नांदत होती. इ. स. १५६५ मध्ये गादीवर आलेला सुलतान मुर्तजा निजामशहा पुढे एकांतवासात राहू लागला, आणि राज्याचा भार सलाबतखान या मंत्र्यावर पडला. त्याने वाटमाऱ्यांचा बंदोबस्त केला, तेव्हा व्यापारी निर्धास्तपणे प्रवास करू लागले. वृक्ष लावावे, बागा कराव्या, पाणी खेळवावे, याची त्याला मोठी हौस होती. नगरजवळील फराहबाग इ. स. १५८३ मध्ये त्यानेच पुरी केली. त्या काळी नगरच्या दरबारी असलेल्या फिरिश्ता या इतिहासकाराने त्याच्या कारभाराची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे.

बीड ही सलाबतखानाची जहागीर होती. बालाघाटच्या कुशीतील हा मुलूख अवर्षणाचा. पाऊस थोडा आणि तोही बेभरवशाचा. जमिनीखाली सर्वत्र काळा पाषाण. वरवर पाहता तो अभेद्य वाटतो. परंतु तसा तो नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून निघालेला लाव्हारस येथे थरावर थर पसरत गेला. निवताना प्रत्येक थर आकुंचन पावला आणि त्यास तडे गेले. तळे आटल्यावर चिखलास भेगा पडतात, त्यातलाच हा प्रकार. हे तडे प्रथम थराच्या वरच्या व खालच्या अंगास उमटले, आणि आतला भाग जसजसा निवत गेला, तसतसे टप्प्याटप्प्याने आत शिरले. पुढे भूकवचावरील ताणामुळे आणखी तडे पडले. दोन थरांच्या सांध्यात पुष्कळदा तांबड्या मातीचा मऊ पट्टा असतो. खडकातून धावत आलेला तडा अशा पट्ट्यापाशी बहुधा थांबतो, अथवा सांध्याच्या दिशेने वळतो. पावसाचे पाणी याच तड्यांतून खाली उतरते, पट्ट्यापाशी अडते आणि आडवे पाझरू लागते. विहीर या वाटेवर पडली तर तिला झरे लागतात. चार हात बाजूला खणली तर सारे श्रम व पैसा पाषाणात जातात. या भागातील कित्येक कुटुंबांची धूळधाण अशा कोरड्या विहिरींनीच केली आहे.

सलाबतखानाला व त्याचा स्थापत्यविशारद राजा भास्कर यास लाव्हारसाची ही कथा ठाऊक असणे शक्यच नव्हते. परंतु पाणी कोठून येते आणि कोणीकडे जाते, हे त्यांनी अचूक हेरले. बीड शहराच्या दक्षिणेस सुमारे ६ किलोमीटरांवर इ. स. १५८३ च्या सुमारास त्यांनी मोठी वर्तुळाकार विहीर बांधली. भुयारी मार्गाने पाणी तीत येते, आणि दुसऱ्या भुयाराने उताराकडील शेतांना जाते. त्यासाठी मोट लागत नाही, बैल लागत नाहीत. दुष्काळातही तिची पातळी फारशी ढळत नाही, अशी तिची ख्याती आहे. जहागिरीचा खजिना या कामी खर्ची पडला, म्हणून तिला खजाना विहीर हे नाव मिळाले, असे सांगतात.

सलाबतखानाचे भाग्य मात्र या पाण्याइतके स्थिर राहिले नाही. सुलतानाची मर्जी फिरली. सैन्य व सत्ता हाती असताना त्याने बंड केले नाही. धन्याची आज्ञा म्हणून आपल्या हाताने पायांत बेड्या घातल्या व तो कैदेत गेला. इ. स. १५८८ मध्ये मुर्तजाचा पुत्रानेच वध केला आणि राज्यात यादवी माजली. सुटकेनंतर सलाबतखानाने पुन्हा तलवार धरली, परंतु पैठणजवळ त्याचा पराभव झाला. इ. स. १५८९ मध्ये तो वृद्धापकाळी मरण पावला.

नगरच्या पूर्वेस शहा डोंगरावर त्याची अष्टकोनी, तीन मजली कबर उभी आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, आणि वर जाणाऱ्या पुष्कळांना तेथे कोण निजला आहे हे ठाऊकही नसते.