विश्लेषण : रस्त्यावरची मुंबई कागदावर कशी उतरली? चित्रकार धुरंधर यांचे वेगळेपण काय?

शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईतील कोळीण नऊवारी कशी नेसत असे, कोणाची पगडी कशी असे, लग्नघरात बायका कशा बसत, हे आज पाहायचे तर रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांची चित्रे उघडावी लागतात. राजे-महाराजांची चित्रे अनेकांनी काढली. धुरंधरांनी मात्र रोज दिसणारी माणसेही तितक्याच मन लावून काढली.

धुरंधर कोण होते?

जन्म १८ मार्च १८६७, कोल्हापूर. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेव्हा जॉन ग्रिफिथ्स प्राचार्य होते. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. पुढे ते याच संस्थेत शिक्षक झाले आणि काही काळ संचालकपदाची सूत्रेही त्यांच्याकडे आली. हा मानही भारतीयाला प्रथमच मिळाला. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले.

ते काम कसे करत?

जे. जे.मधील शिक्षण ब्रिटिश पद्धतीचे होते. विद्यार्थी आधी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखांकन शिकत. पुतळा हलत नाही, बाजारातली माणसे मात्र थांबत नाहीत. त्यामुळे बाहेरचे जग टिपायचे तर हात वेगवान हवा. धुरंधरांनी तो सराव आयुष्यभर केला. आधी पेन्सिलीने उभे राहण्याची ढब, पदराचा झोक, डोक्यावरचे ओझे एवढेच पकडायचे. सविस्तर जलरंग किंवा तैलरंगातील चित्र त्यानंतर. अनेक स्केचवर ते सहीसोबत तारीखही घालत. त्यामुळे ही स्केच त्या काळाची नोंदवहीच ठरतात. शिवराज्याभिषेकासारख्या गर्दीच्या चित्रात प्रत्येक माणूस वेगळा दिसतो, त्यामागे हाच सराव आहे.

चित्रे लोकांपर्यंत कशी पोहोचली?

तैलचित्र एकाच घराच्या भिंतीवर लागते. छापील चित्राच्या मात्र हजारो प्रती निघतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धुरंधरांची चित्रे पोस्टकार्डांवर छापली गेली आणि टपालाने दूरवर पोहोचली. मुंबईचे तत्कालीन पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) आणि किंकेड यांच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) या पुस्तकांसाठी त्यांनी चित्रे काढली. ऑटो रॉथफील्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या पुस्तकात देशाच्या वेगवेगळ्या भागांतील स्त्रिया त्यांच्या कुंचल्यातून दिसतात.

मग ते मागे का पडले?

याच काळात बंगालमध्ये भारतीय शैलीचा आग्रह धरणारी चळवळ उभी राहिली. जे. जे.च्या वास्तववादाला पाश्चात्त्यांची नक्कल म्हटले जाऊ लागले. १ जून १९४४ रोजी धुरंधरांचे निधन झाले. तीनच वर्षांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला आणि नव्या पिढीने वेगळी वाट धरली. पुस्तके आणि पोस्टकार्डांसाठी केलेल्या कामाला ‘खरी’ कला मानायला अनेक जण तयार नव्हते.

आज त्यांचे महत्त्व काय?

कन्या आणि चित्रकार अंबिका धुरंधर यांनी वडिलांचा वारसा जपला. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन जे. जे.चा इतिहास समजून घेण्यासाठी आजही उपयोगी पडते.

त्यांची शैली परकी होती की नाही, हा वाद होऊ शकतो. पण ज्या छोट्या चित्रांना दुय्यम मानले गेले, त्यांतच तेव्हाची सामान्य माणसे उरली आहेत. त्यातल्या बहुतेकांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत. त्यांची उभे राहण्याची ढब मात्र कागदावर तशीच आहे.